वेळेच्या काट्यावर शिक्का कोणाचा?

वजनकाट्यावर सरकारी शिक्का असल्याखेरीज त्यावर माल घालू नये, एवढे शहाणपण कोरेगाव तालुक्यातील शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. घेवड्याचे पोते असो की उसाची गाडी असो, मोजणारा एक आणि ज्याचे मोजले जाते तो दुसरा असला की दोघांच्या मध्ये तिसरा तटस्थ पुरावा लागतो, हे त्याने पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने जाणले आहे. काटामारी हा शब्द ग्रामीण मराठीत उगाच रूढ झालेला नाही. परंतु याच शेतकऱ्याच्या, त्याच्या शेजारी रोजगार हमीच्या कामावर राबणाऱ्या मजुराच्या आणि बाजारपेठेतील पिठाच्या गिरणीवाल्याच्या जीवनात गेल्या काही वर्षांत आणखी एक काटा येऊन बसला आहे. तो डोळ्यांना दिसत नाही आणि त्याच्यावर कोणाचा शिक्काही नाही. संगणकाच्या, मोबाइलच्या, रेशन दुकानातील पॉस यंत्राच्या आणि वीजमीटरच्या पोटात चालणारे घड्याळ हा तो काटा होय.

संगणकाचे घड्याळ लावणे ही बाब इतकी क्षुल्लक समजली जाते की तिच्यावर पक्षाच्या साप्ताहिकाने जागा खर्च करावी याचे काहींना नवल वाटेल. पडद्याच्या कोपऱ्यातील आकडे मनगटावरच्या घड्याळाशी जुळले की काम झाले, असा सर्वसाधारण समज आहे. तो चुकीचा आहे. आणि तो का चुकीचा आहे हे नीट उमगल्याशिवाय त्यामागचा सत्तेचा प्रश्नही उमगणार नाही. म्हणून आधी यंत्राच्या पोटात डोकावणे भाग आहे.

संगणक बंद असताना त्याचे घड्याळ चालू राहते ते आतील पट्टीवर बसविलेल्या रुपयाएवढ्या गोल सेलवर. हा सेल काही वर्षांनी मरतो. मग वीज गेली की यंत्राची तारीख कित्येक वर्षे मागे जाऊन पडते. अशा यंत्रावर बँकेची किंवा सरकारी खात्याची सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत, कारण त्या स्थळांची ओळखपत्रे अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतच ग्राह्य असतात आणि मागच्या काळात अडकलेल्या यंत्राला आजचे ओळखपत्र अवेळी वाटते. दाखल्यासाठी आठ-दहा मैलांवरून एस. टी. ने आलेल्या माणसाला मात्र ‘सर्व्हर बंद आहे’ असे सांगून परत पाठविले जाते. दोष दूरच्या सर्व्हरचा नसतो, समोरच्या टेबलावरील थोडक्या पैशांच्या सेलचा असतो, हे ना त्याला कळते ना पुष्कळदा सांगणाऱ्याला.

याहून सूक्ष्म चूक टाइम झोनची. यंत्र स्वतःशी वेळ मोजते ती तास-मिनिटांत नव्हे. पुष्कळ प्रणाली १ जानेवारी १९७० रोजी ग्रीनिच येथे मध्यरात्र झाली त्या क्षणापासून उलटलेल्या सेकंदांची मोजदाद ठेवतात. हा आकडा जगभर एकच असतो. त्या आकड्यात साडेपाच तास मिळवून दाखवायचे की आठ तास वजा करून, हे टाइम झोन सांगतो. म्हणजे यंत्राजवळ दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत: एक वेळ स्वतः आणि दुसरी ती दाखविण्याची रीत. आता असे समजा की नवा संगणक अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या टाइम झोनवर लावलेला आला, आणि केंद्रचालकाने तो झोन तसाच ठेवून, आपोआप जुळणी बंद करून, नुसते आकडे फिरवून कोरेगावची वेळ आणली. पडद्यावर सर्व काही यथास्थित दिसेल. पण हिवाळ्यातल्या एखाद्या दिवशी दुपारी चार वाजता त्या यंत्रावरून पाठविलेल्या ई-पत्रावर जो शिक्का बसेल तो भारतीय हिशेबाने दुसऱ्या दिवशीच्या पहाटे साडेपाचचा असेल. तब्बल साडेतेरा तासांचा फरक! अर्जाची मुदत त्या सायंकाळी संपत असली, तर वेळेत पाठविलेला अर्ज पाठविणाऱ्याच्याच यंत्राच्या साक्षीने उशिरा ठरतो. पत्र घेणाऱ्या सर्व्हरवर खऱ्या वेळेची नोंद झालेली असते आणि ती मागता येते. परंतु अशी नोंद असते हे ज्याला ठाऊक नाही, तो ती मागणार तरी कशी?

टाइम झोनच्या यादीत भारतासाठी संगणकावर चार महानगरांची नावे एका ओळीत येतात: चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली. दुसऱ्या काही प्रणालींत ‘एशिया/कोलकाता’ एवढेच येते. कोरेगाव त्यांत नाही, असण्याचे कारणही नाही. तथापि एक साधी गोष्ट येथे नोंदवून ठेवावी. भारतीय प्रमाणवेळ ही ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, म्हणजे उत्तर प्रदेशातील मिर्झापूरजवळच्या सूर्याची वेळ आहे. कोरेगाव त्या रेषेच्या आठ अंशांहून अधिक पश्चिमेस आहे आणि दर अंशाला चार मिनिटे या हिशेबाने तेथील सूर्य घड्याळाच्या सुमारे ३३ मिनिटे मागे असतो. जुन्या मापाने दीड घटिकेला थोडे कमी. जानेवारीच्या मध्यावर कोहिमात सहाच्या सुमारास उजाडते तेव्हा कोरेगावात मिट्ट काळोख असतो; तेथे सूर्य उगवायला सात वाजून जातात. घड्याळ दोन्हीकडे एकच वाजविते. प्रमाणवेळ म्हणजे निसर्गाने दिलेली वेळ नव्हे, माणसांनी ठरविलेली वेळ होय. आणि माणसांनी ठरविलेल्या प्रत्येक गोष्टीबाबत, ती कोणी ठरविली व कोणासाठी ठरविली, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार लोकांना असतो.

हा प्रश्न महाराष्ट्रात पूर्वी विचारला गेला आहे, आणि तो विचारणाऱ्यांत सुशिक्षित पुढारीही होते व निरक्षर गिरणी कामगारही. मात्र दोघांचे प्रश्न एकच नव्हते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वेने देशभर मद्रासची वेळ स्वीकारली. मद्रास हे कलकत्ता आणि मुंबई यांच्या साधारण मध्ये पडणारे, आणि तेथे वेधशाळाही होती. पुढे सदर्न मराठा रेल्वेची पुणे-मिरज गाडी वाठार, कोरेगाव, रहिमतपूर या वाटेने धावू लागली तेव्हा स्टेशनातील घड्याळ मद्रासचे आणि स्टेशनाबाहेरील गाव सूर्याचे, अशी स्थिती होती. दोहोंत सुमारे २४ मिनिटांचे अंतर. ज्याला गाडी पकडायची त्याने मद्रासच्या हिशेबाने निघावे, एवढाच त्याचा व्यवहारातील अर्थ होता. मुंबईत मात्र वाद पेटला. गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी १८८१ मध्ये सरकारी कचेऱ्यांना मद्रासची वेळ लावली. शहराची वेळ तिच्याहून अर्ध्या तासाने मागे होती आणि शहराने ती सोडण्यास नकार दिला. व्यापारी, वकील, वृत्तपत्रे अशी सगळी प्रतिष्ठित मुंबई त्या विरोधात होती. १८८३ मध्ये सरकारला आपला हुकूम मागे घ्यावा लागला.

दुसरी फेरी लॉर्ड कर्झनच्या राजवटीत सुरू झाली. ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे असलेली प्रमाणवेळ रेल्वे आणि तार खात्याने १९०५ मध्ये घेतली व १ जानेवारी १९०६ पासून ती सर्वत्र लागू झाली. मुंबईचे घड्याळ त्यामुळे एकदम ३९ मिनिटे पुढे गेले. बंगालच्या फाळणीने देश तापलेला होता, आणि सरकारने न विचारता लादलेली ही आणखी एक गोष्ट अशा दृष्टीने मुंबईच्या पुढाऱ्यांनी तिच्याकडे पाहिले. महापालिकेने आपल्या घड्याळांवर ‘मुंबई टाइम’च चालू ठेवला. तो स्वातंत्र्य मिळून गेल्यावरही काही वर्षे टिकला. एकाच शहरात एका चौकात स्टँडर्ड टाइम व दुसऱ्या चौकात मुंबई टाइम, आणि लग्नपत्रिकेवर कोणता ‘टाइम’ ते छापण्याची पाळी. या हट्टात स्वाभिमान होता, आणि थोडी गंमतही होती, हे मान्य करावे लागेल.

परंतु जानेवारी १९०६ मध्येच मुंबईत जी दुसरी गोष्ट घडली तिच्यात गंमत नव्हती. नव्या वेळेने कामावर येण्यास गिरणी कामगारांनी नकार दिला आणि गिरणीवर दगड पडले. पुढाऱ्यांच्या दृष्टीने प्रश्न शहराच्या मानाचा होता. कामगाराच्या दृष्टीने तो ३९ मिनिटांच्या झोपेचा होता. भोंगा ज्या आकड्यावर वाजत असे त्याच आकड्यावर वाजणार होता, पण तो आकडा आता सूर्याच्या ३९ मिनिटे आधी येणार होता. घरी घड्याळ नसलेला माणूस उजेडाकडे पाहून उठत असे. त्या उजेडालाच मालकाच्या घड्याळाने खोटे ठरविले, आणि दारात उशिरा पोहोचलेल्याच्या मजुरीला कात्री लागण्याची भीती उभी राहिली. शिवाय तो काळ गिरण्यांत विजेचे दिवे आल्याचा. पूर्वी सूर्य मावळला की काम थांबत असे, ते आता रात्रीपर्यंत रेटता येऊ लागले होते आणि त्यावरून १९०५ मध्येच असंतोष भडकला होता. सायंकाळ मालकांनी दिव्यांनी लांबविली आणि पहाट सरकारने काट्यांनी अलीकडे आणली. मधल्या मध्ये सापडलेला कामगार दगड उचलतो, याचे आश्चर्य त्या काळच्या इंग्रजी पत्रांना वाटले असेल, कोरेगाव-खटावच्या माणसाला वाटू नये. मुंबईच्या गिरण्या रत्नागिरीबरोबर साताऱ्याच्याही माणसांनी चालविल्या आहेत. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळविली ती याच कामगारांसाठी, आणि कायद्याने प्रौढ पुरुषाच्या कामाचे तास गिरण्यांत बारावर आणून ठेवायला १९११ साल उजाडले.

सरकारला काटे फिरविण्याची गोडी लागली की तो थांबत नाही याचा दाखला महायुद्धाने दिला. १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत भारताचे घड्याळ युद्धासाठी आणखी एक तास पुढे ढकलण्यात आले होते. कोरेगावचा सूर्य तेव्हा घड्याळाच्या दीड तासाहून अधिक मागे पडला. त्याच सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात तासगाव, वडूज, इस्लामपूरच्या कचेऱ्यांवर मोर्चे चालून गेले आणि पुढची साडेतीन-चार वर्षे सातारा जिल्ह्याचा मोठा भाग प्रतिसरकारच्या हुकमाने चालला. कचेरीच्या भिंतीवरील घड्याळ एक आणि गावाचा कारभार दुसऱ्याच्या हाती, हा देखावा याच मुलखाने पाहिला आहे.

हा सगळा इतिहास सांगण्याचा हेतू कोरेगावला स्वतंत्र वेळ मागण्याचा नाही. तसे कोणी सुचवील तर ते हास्यास्पद ठरेल. सबंध देशाला एक वेळ असणे ही सोय आहे, आणि सार्वजनिक मालमत्तेचा तो एक उत्तम नमुनाही आहे. ती वापरायला भाडे पडत नाही आणि गरिबाच्या घड्याळाला ती श्रीमंताच्या घड्याळाहून निराळी नसते. पूर्वेकडील राज्यांची गोष्ट थोडी वेगळी आहे. आसामच्या चहामळ्यांत प्रमाणवेळेच्या एक तास पुढचा ‘बागान टाइम’ इंग्रजांच्या काळापासून चालत आला, आणि ईशान्येला वेगळा टाइम झोन द्यावा ही मागणी तेथील लोक गांभीर्याने करीत आले आहेत. उजेड वाया जातो ही त्यांची तक्रार खरी आहे. पण तेथेही पहाटेचा भोंगा मळेवाल्याने ठरविला होता, पाने खुडणाऱ्या बाईने नव्हे, हे विसरून चालणार नाही.

सार्वजनिक मालमत्तेवर कोणी तरी कुंपण घालायला टपलेला असतोच. जगातल्या कोणत्या गावाने कोणत्या साली आपली घड्याळे किती फिरविली याची सविस्तर जंत्री आज बहुसंख्य मोबाइलमध्ये आणि सर्व्हरमध्ये बसविलेली असते. ही जंत्री कोणा कंपनीने तयार केलेली नाही. अमेरिकेतील एका सरकारी आरोग्य संस्थेत नोकरी करणाऱ्या आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी १९८० च्या दशकात ती सुरू केली, जगभरच्या हौशी माणसांनी तिच्यात भर घातली आणि ती सर्वांसाठी मुक्त ठेवली. सप्टेंबर २०११ मध्ये ज्योतिषाची सॉफ्टवेअरे विकणाऱ्या एका अमेरिकन कंपनीने ओल्सन आणि त्यांचे सहकारी पॉल एगर्ट यांना न्यायालयात खेचले. जुन्या वेळांची माहिती आमच्या पुस्तकातली, सबब ती आमच्या मालकीची, असा दावा! मुंबईत १९०६ साली घड्याळ ३९ मिनिटे पुढे गेले ही घटना कोणाच्या मालकीची असू शकते? काही दिवस ती जंत्री जाळ्यावरून उतरवावी लागली. पुढे फेब्रुवारी २०१२ मध्ये कंपनीला माघार घ्यावी लागली आणि ही जंत्री ऑक्टोबर २०११ पासून इंटरनेटची नावे व क्रमांक सांभाळणाऱ्या संस्थेच्या छत्राखाली आहे. मौजेची गोष्ट अशी की या जंत्रीत भारतासाठी कोलकात्याचा एकच रकाना आहे. १९७० नंतर जेथे जेथे घड्याळे सारखी चालली ती सर्व गावे एका रकान्यात, असा तिचा नियम आहे. म्हणून मुंबई टाइमला तेथे स्वतंत्र स्थान नाही. १९३० साली मुंबईत मुंबई टाइमप्रमाणे नोंदविलेली घटना संगणक ३९ मिनिटांनी चुकीची समजेल. कुंडल्या मांडणाऱ्यांची चिंता कुंडल्या मांडणाऱ्यांनी करावी. पण यंत्राजवळचा भूतकाळदेखील कोणीतरी ठरविलेल्या नियमाने गाळलेला असतो, एवढे यावरून दिसते.

आता मूळ मुद्द्याकडे वळता येईल. वेळ सर्वांची एक असली तरी वेळेची नोंद करणारे यंत्र एका पक्षाच्या हाती असते, आणि त्या नोंदीचा फटका दुसऱ्या पक्षाला बसतो.

सर्वांत कठोर उदाहरण रोजगार हमीचे. ही योजना महाराष्ट्राची देणगी आहे. सांगली जिल्ह्यातील वि. स. पागे यांनी तिची कल्पना मांडली, १९७२ च्या दुष्काळात ती हजारो खडी फोडणाऱ्या हातांनी उभी केली आणि १९७७ च्या कायद्याने काम मागण्याचा हक्क झाला. त्याच कल्पनेवर २००५ साली देशाचा कायदा बेतला गेला. कोरेगाव तालुक्याचा उत्तर भाग, माण आणि खटाव यांना दुष्काळ म्हणजे काय हे पुस्तकातून वाचावे लागत नाही, आणि हमीच्या कामाची किंमतही तेथेच कळते. या कामांवर केंद्र सरकारने २०२२ मध्ये, प्रथम वीस किंवा अधिक मजूर असलेल्या ठिकाणी आणि १ जानेवारी २०२३ पासून वैयक्तिक लाभाची कामे वगळता सर्व कामांवर, मोबाइलवरून हजेरी सक्तीची केली. मजुरांचे छायाचित्र दिवसातून दोनदा घ्यायचे, त्यावर वेळ व ठिकाण यांचा शिक्का उमटायचा आणि ते दिल्लीच्या जाळ्यात जमा व्हायचे. तक्रारी झाल्यावर दोन छायाचित्रांत चार तासांचे अंतर आणि जाळे नसल्यास टिपून ठेवून नंतर पाठविण्याची मुभा, अशा सवलती देण्यात आल्या.

वरवर पाहता याला हरकत घेण्यासारखे काय आहे? बोगस मजुरांची नावे हजेरीपटावर चढविणारे ठेकेदार आणि त्यांचे पाठीराखे कोणाला नको आहेत? पण हमीच्या कामाचा मोबदला हा मुळात मापावर असतो. इतके घनमीटर माती काढली, इतके पैसे. उन्हाळ्यात बायका भल्या पहाटे घराबाहेर पडतात, ऊन चढण्याआधी माप पुरे करतात आणि घरी जाऊन चूल पेटवितात, तेव्हा त्या कोणाला फसवीत नसतात. कामाचे माप मातीवर आणि हजेरी घड्याळावर, असा दुहेरी जाच या पद्धतीने निर्माण केला. माप पुरे झाले तरी दुसऱ्या छायाचित्रासाठी तळपत्या उन्हात बसून राहा, किंवा घरी जाऊन परत या. कामावरील मोबाइलची तारीख-वेळ चुकली, बॅटरी संपली किंवा डोंगराआड जाळे सापडले नाही, तर खणलेला चर समोर दिसत असतानाही दिवस बुडाल्याचा धोका मजुराच्याच माथी. मोबाइल मजुराचा नाही, त्यातील घड्याळ लावणारा तो नाही आणि शिक्का चुकीचा आहे हे सिद्ध करण्याचे कोणतेही साधन त्याच्या हाती नाही.

आणि एवढे करून भ्रष्टाचार थांबला काय? जुलै २०२५ मध्ये केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयानेच राज्यांना लिहिलेल्या पत्रात कबुली दिली की भलतीच छायाचित्रे चढविली जातात आणि छायाचित्राचेच पुन्हा छायाचित्र काढून हजेरी भरली जाते. लबाडाला घड्याळाचा शिक्का अडवू शकला नाही, तो अडवितो फक्त प्रामाणिक माणसाला. १९०६ च्या गिरणीच्या दारात आणि २०२३ च्या पाझर तलावाच्या कामावर यापेक्षा वेगळे काही घडले, असे कोणी म्हणत असेल तर त्याने ते दाखवून द्यावे.

विजेचेही तेच. शेतीपंपाला थ्री-फेज वीज दिवसा मिळायची की रात्री, याचा तक्ता वर्षानुवर्षे शेतकऱ्याला न विचारता ठरत आला, आणि रात्रीच्या पाळीत विंचूकाट्यात उसाला पाणी पाजण्याचे नशीब त्याच्या वाट्याला आले. त्यात आता मीटरमधील घड्याळाची भर पडली आहे. केंद्राने जून २०२३ मध्ये केलेल्या नियमदुरुस्तीने दिवसाच्या वेळेनुसार विजेचे दर बदलण्याचा मार्ग मोकळा केला. उन्हाच्या तासांत किमान २० टक्के स्वस्त, मागणीच्या तासांत महाग. दहा किलोवॉटहून अधिक मागणी असलेल्या उद्योग-व्यापाराला एप्रिल २०२४ पासून आणि शेती वगळता बाकीच्यांना एप्रिल २०२५ पासून, असे तिचे वेळापत्रक होते; स्मार्ट मीटर बसला की ती लागू. कल्पना वाईट नाही, सूर्याची वीज दिवसा वापरली जावी हे योग्यच. पण अशा मीटरमध्ये युनिटांइतकेच महत्त्व घड्याळाला येते. ते अर्धा तास चुकले तर पीठगिरणीवाल्याचे स्वस्त दळण महाग ठरेल. युनिट जास्त पडतात अशी शंका आली तर मीटर तपासून घेण्याची रीत लोकांना माहीत आहे. मीटरचे घड्याळ तपासून द्या, असा अर्ज कोरेगावात आजवर किती जणांनी केला असेल?

येथे एक विसंगती ध्यानात घेण्यासारखी आहे. देशात प्रमाणवेळ राखण्याची जबाबदारी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेकडे असून तेथील अणुघड्याळांची अचूकता जगन्मान्य आहे. संगणक-सुरक्षेची व्यवस्था पाहणाऱ्या केंद्रीय यंत्रणेने एप्रिल २०२२ मध्ये कंपन्या, सेवादाते आणि सरकारी संस्था यांना आपली घड्याळे या प्रयोगशाळेच्या किंवा सरकारी माहिती केंद्राच्या घड्याळाशी जुळवून ठेवण्याचा आदेश दिला. जानेवारी २०२५ मध्ये तर भारतीय प्रमाणवेळेसंबंधी नियमांचा मसुदाच प्रसिद्ध झाला, आणि तो कोणत्या कायद्याखाली? २००९ च्या वैधमापन कायद्याखाली, म्हणजे ज्या कायद्याने किराणा दुकानातील तराजूवर शिक्का बसतो त्याच कायद्याखाली. वेळ हे वजनासारखेच एक माप आहे, ही गोष्ट सरकारने स्वतःच मान्य केली. मात्र त्यामागची चिंता बँकांची, शेअरबाजाराची, दूरसंचाराची आणि सायबर गुन्ह्यांच्या तपासाची. ती रास्त आहे. पण ज्या मोबाइलच्या घड्याळावर मजुरी कापली जाते, ज्या पॉस यंत्राच्या घड्याळावर ‘या महिन्याचे धान्य संपले’ असे ठरते आणि ज्या मीटरच्या घड्याळावर बिल आकारले जाते, त्यांची चिंता कोणी करायची? भाजीवालीच्या पारड्याखाली दगड लावलेला आढळला तर निरीक्षक दंड करतो. हजेरीच्या यंत्राचे घड्याळ चुकले तर मजुराचा रोज जातो आणि दंड कोणालाच नाही.

तेव्हा मागणी यंत्रे फेकून देण्याची नाही. जिच्यावर मजुरी, धान्य किंवा बिल अवलंबून आहे अशा प्रत्येक नोंदीची वेळ ही हातातील यंत्राची न धरता प्रमाणवेळेशी जुळलेल्या मध्यवर्ती घड्याळाची धरली पाहिजे. जाळे नसताना टिपलेल्या नोंदीत शंका उद्भवली तर तिचा फायदा मजुराला मिळाला पाहिजे. जेथे मोबदला मापावर आहे तेथे घड्याळाच्या हजेरीवरून तो अडविता कामा नये. कामाच्या तासांचा आणि पंपाच्या पाळ्यांचा तक्ता दिल्ली-मुंबईत न ठरता ऋतुमानाप्रमाणे ग्रामसभेशी विचारविनिमय करून ठरला पाहिजे, कारण प्रमाणवेळ देशाची असली तरी ऊन त्या त्या गावचे असते. आणि वैधमापन निरीक्षकाच्या तपासणीच्या यादीत तराजू व मापांबरोबर ही घड्याळेही आली पाहिजेत. यासाठी नवे अणुघड्याळ उभारावे लागणार नाही. आहे त्या घड्याळाचा अधिकार गरिबापर्यंत पोहोचविला तरी पुरे.

कायदा बदलेपर्यंत तालुक्यातील कार्यकर्त्यांना स्वतः करता येण्यासारखे काम थोडके नाही. सेवा केंद्रात गेल्यावर यंत्राच्या कोपऱ्यातील आकडे पाहून समाधान मानू नये. तारीख-वेळेच्या रकान्यात भारताचा साडेपाच तासांचा टाइम झोन निवडलेला आहे काय आणि आपोआप जुळणी चालू आहे काय, हे केंद्रचालकाला मैत्रीने विचारावे. बहुतेक ठिकाणी तो आनंदाने दाखवील, आणि सेल मेला असेल तर बदलूनही घेईल. एकाच यंत्रावर दोन प्रणाली बसविलेल्या असतील तर एक यंत्रातील घड्याळ स्थानिक मानते आणि दुसरी ग्रीनिचचे, यामुळे वेळ साडेपाच तासांनी उडते, हेही त्याला सांगावे. शेवटच्या दिवशी भरलेल्या अर्जाची पावती घेताना तिच्यावरील वेळ तेथल्या तेथे वाचावी आणि ती चुकीची असली तर केंद्रचालकाकडून पावतीच्या पाठीमागे खरी वेळ लिहून सही घ्यावी. हमीच्या कामावर हजेरीचे छायाचित्र निघते त्या क्षणाची वेळ एखाद्या शिकल्या-सवरल्या मजुराने साध्या वहीत रोज टिपावी व त्याखाली चार जणांचे अंगठे घ्यावेत. मजुरी अडली की तहसील कचेरीत ती वही हजेरीपटाशेजारी ठेवून नोंदींची तुलना लेखी मागावी. आणि तशी तुलना नाकारली गेली तर नकारही लेखीच घ्यावा.